दस्त्यावरची चार बोटे

सिकंदर इंदापुरातील एका पतसंस्थेच्या दारात बारा वर्षे बंदूक घेऊन बसत होता. बंदूक त्याची स्वतःची, परवानाही त्याचाच. त्या परवान्यावर त्याची नोकरी उभी होती. मॅनेजर गोकुळबद्दल त्याचे मत फार हलके होते. ज्याला साधी पेन्सिल तासता येत नाही, असा मनुष्य केवळ चुलता संचालक असल्यामुळे खुर्चीत बसतो, हे त्याला पटत नसे.

खंडेनवमीला किल्ल्या, संगणक आणि बंदूक ओळीने मांडून त्यांना हळदकुंकू वाहिले. संध्याकाळी उजनीच्या पाण्याकडून डास आले. गोकुळने दोन्ही हातांना डासांचे मलम थापले आणि तो म्हणाला, "सिकंदरभाई, जरा द्या की हिकडं. एक फोटू काढतो."

परवान्याची बंदूक दुसऱ्याच्या हाती द्यायची नसते. सिकंदरला हे ठाऊक होते. तरी साहेबाला नाही कसे म्हणावे, म्हणून त्याने काडतुसे काढून ती दिली, आणि स्वतःच्या या मऊपणाची त्याला किळस आली. गोकुळने बंदूक कुदळीसारखी धरली.

सकाळी बंदुकीच्या काळ्या प्लॅस्टिकच्या दस्त्यावर चार बोटांचे पांढुरके, चिकट ठसे होते. सिकंदरने कोमट पाण्यात साबण कालवून मऊ फडक्याने हळूहळू पुसले. कुंकू निघाले, ठसे राहिले. वरचा मळ पुसता येतो; डासांच्या मलमातल्या रसायनाने तर प्लॅस्टिकच खाल्ले होते.

"कुंकवाचंच डाग हायत त्ये," गोकुळ म्हणाला.

"कुंकू पांढरं कधीपास्नं झालं, साहेब?"

"साबण-पाणी म्हशीला लावा. थिनर मारा, लख्ख हुतंय."

"थिनरनं दस्ता लोण्यावाणी हुईल. हात लावू नका."

बंदूक तिजोरीच्या खोलीत ठेवून सिकंदर जेवायला गेला. परतला तेव्हा गोकुळच्या हातात थिनरची बाटली होती. दस्ता काकवीसारखा चिकट झाला होता आणि फडक्याचे धागे त्यात रुतले होते.

"जरा जास्त पडलं," गोकुळ म्हणाला. "परवा पोलीस ठाण्यात परवाना नवा करायला जाताय न्हवं? सांगा, द्राक्षावरचं औषध सांडलं."

ठाण्यात जमादाराने दस्ता उलटसुलट पाहिला. "ह्यो कुणाचा उद्योग?"

औषधाची थाप सोपी होती. तिच्यामुळे परवाना वाचला असता. परंतु गोकुळचे शब्द आपल्या तोंडात घ्यायचे, ही कल्पनाच सिकंदरला शिळ्या अन्नासारखी वाटली.

"मॅनेजरचा," तो म्हणाला. "बंदूक म्या त्याच्या हातात दिली हुती."

चौकशी होईपर्यंत बंदूक ठाण्यातच जमा झाली. परवाना अडकला.

"एक थाप मारता आली न्हाय तुमास्नी?" पतसंस्थेच्या दारात गोकुळने विचारले.

"आली असती. पर ती तुमची हुती."

गोकुळला काही उमगले नाही, आणि समजावून देण्याची तसदी सिकंदरने घेतली नाही. त्याने डबा उचलला आणि बारामतीची एसटी धरली. तिथे एका गोदामाला काठी घेऊन बसणारा राखणदार हवा होता.