निराधारांची तपासणी

मी चिचगडजवळच्या एका खेड्यात मास्तर होतो तेव्हा सरकारने तिथे निराधार बायांसाठी केंद्र काढलं. दर आठवड्याला दुधाची भुकटी मिळायची, हिवाळ्यात ब्लँकेटही मिळणार होतं. दोन हिवाळे गेले, ब्लँकेट काही आलं नाही. मग योजनेचा उपयोग किती झाला हे तपासायला नागपूरहून साहेब निघाले, आणि ब्लँकेटं आदल्या दिवशीच आली.

दिवस वैशाखाचे. केंद्राच्या सेवकाने सगळ्या म्हाताऱ्यांना लाल ब्लँकेटं पांघरून मांडवात बसवलं. घामाच्या धारा लागल्या होत्या. साहेब हिंदी बोलणारे, त्यांना इकडची झाडीबोली समजत नव्हती, म्हणून दुभाषा मी.

साहेब पहिल्यांदा माझ्या शेजारणीसमोर थांबले. एकटी विधवा म्हातारी, जिभेला धार. त्यांनी विचारलं, "दूध से कुछ फर्क पड़ा?"

मी म्हटलं, "माय, दुधानं काही फरक पडला का, इचारून राहिले."

"पडला ना बाप्पा! पयले पायावर उभा नाइ राहे. आता कुडावरून उड्या मारते."

मी तसंच सांगितलं. साहेब हरखले. "पोता है आपका? बुलाओ उसको।"

म्हातारी उठली आणि घरामागून बोकडाचं पिल्लू ओढत घेऊन आली. चांगलं गुबगुबीत होतं. सेवकाचा चेहरा उतरला.

"अरे, दूध तो आपके लिए था!"

"म्या पेली एकदा. पोटात अशी गुडगुड झाली का लोटा हातचा सुटेना. मंग फेकू कायले? याले पाजला."

मांडवात हशा पिकला. साहेब मात्र कसलेले. त्यांनी सोबतच्या मुनशीला सांगितलं, "लिखो, पशुधन में वृद्धि." मग ते सेवकाच्या घरी कोंबडीचं जेवण जेवले आणि जीपमध्ये बसून गेले.

जीपची धूळ खाली बसायच्या आत सेवक ब्लँकेटं गोळा करू लागला. दुसऱ्या दिवशी पुढच्या गावची तपासणी होती. बाकीच्या बायांनी मुकाट्याने दिली. म्हातारीने आपलं घडी करून बुडाखाली घातलं.

"दे माय, सरकारी आहे."

"काऊन देऊ? साहेबानं डोऱ्यानं पायला, म्या पांघरला होता. आता माहा झाला."

सेवकाने ओढून पाहिलं, धमकी देऊन पाहिली. शेवटी पुढच्या गावची एक म्हातारी ब्लँकेटाविना बसवायचं ठरवून तो निघून गेला.

पावसाळ्याच्या तोंडावर हुकूम आला. आमच्या गावात योजना पूर्ण यशस्वी झाली होती, म्हणून केंद्र बंद. म्हातारी मला घेऊन देवरीच्या कचेरीत गेली. कारकून समजावू लागला, "बाई, तुमचं गाव आता निराधार राहिलेलं नाही."

"मंग माहा नवरा वापस आला का?" म्हातारीने विचारलं. "का पोरगा झाला मले? कोठी आहे तो?"

कारकुनाने पानाची पिंक टाकली आणि अर्ज करायला सांगितलं. मी तिथेच बसून लिहिला, तिने अंगठा उठवला. उत्तर कधीच आलं नाही. भाताची रोवणी लागली तशी म्हातारी लुगडं खोचून मजुरीने लोकांच्या बांधीत, भाताच्या खाचरात उतरली. पाठ सरळ होत नव्हती, तरी दिवसभर चिखलात वाकून रोवायची आणि बांधावरून जाणाऱ्या सेवकाला मोठ्याने हाक मारायची, "पाय रे बाबू, यशस्वी होऊन राहिली!"