दोन छोटे, मग एक लांब

नाना गेले ही बातमी मला कुणी सांगितलीच नाही. ती हॉर्नने सांगितली. नाना म्हणजे माझे वडील, धुळे डेपोत लाल डब्यावर ड्रायव्हर होते. डेपोत सगळे नाना म्हणायचे म्हणून मीपण नानाच म्हणायचे, आणि आई चिडली की तीसुद्धा "ओ नाना ड्रायव्हर" म्हणायची. तर त्या दिवशी दुपारी चारच्या सुमाराला मी जळगावच्या आमच्या भाड्याच्या खोलीत फिजिक्सचे जुने पेपर सोडवत बसले होते. मेडिकलच्या ॲडमिशनची नीट परीक्षा अगदी तोंडावर आली होती. खाली हायवेवरून धुळ्याला जाणारी गाडी आली, दोन छोटे हॉर्न वाजले, मग एक लांब वाजला. रोज वाजायचे तसेच. आणि मला समजलं की नाना आता नाहीत... कसं समजलं ते सांगते, पण त्यासाठी आधी टॉवेलचं सांगायला लागेल.

दहावीनंतर मला जळगावला क्लासला घालायचं हे नानांनी ठरवलं, आणि ते कसं ठरवलं, तर गाडीत बसणाऱ्या पोरांना विचारून! पाठीला क्लासची बॅग दिसली की कंडक्टर सुभाषमामांना ओरडून सांगायचे, "इचार रे त्याले, मास्तर शिकाडतस का नुसती फी लेतस?" सुभाषमामा तिकीट काढता काढता विचारायचे, मागच्या सीटवरची माणसं आपलं मत द्यायची, एखादी आजी म्हणायची पोरीला कशाला एवढं शिकवता, तिच्याशी नानांचं भांडण व्हायचं. अर्धी गाडी माझ्या ॲडमिशनमध्ये सामील होती. शेवटी क्लास ठरला, आई शेगडी-भांडी घेऊन माझ्यासोबत जळगावला आली, आणि नाना धुळ्यात एकटे राहिले, मेसचा डबा खात. मग त्यांनी डेपोत मागे लागून लागून जळगावची ड्युटी मिळवली. खोलीपण त्यांनीच शोधली, दुसऱ्या मजल्यावर, एकदम हायवेला लागून. क्लासमधल्या मुली म्हणायच्या, एवढ्या आवाजात तू अभ्यास कसा करतेस? त्यांना काय सांगणार, की त्या आवाजासाठीच घेतलीय म्हणून. नाना म्हणाले होते, "आते मन्हा रस्ता तुन्हा दारवरथून शे."

तर नाना खालून जाताना दोन छोटे हॉर्न द्यायचे. पहिल्या दिवशी आई धावत गॅलरीत गेली तेव्हा तिच्या हातात ओला टॉवेल होता, पिवळाजर्द, तोच तिने हलवला. नानांनी खूश होऊन लांबलचक हॉर्न दिला. मग ते तसंच ठरून गेलं. चारच्या आधी आई कठड्यावर पिवळा टॉवेल टाकायची, म्हणजे पोरगी बरी आहे, जेवली आहे, अभ्यासाला बसली आहे. नाना दोन छोटे हॉर्न द्यायचे, मध्ये थोडं थांबायचं, तेवढ्यात वर बघायचं, टॉवेल दिसला की तिसरा लांब. ते मधलं थांबणं मला अजून ऐकू येतं. हॉर्नपेक्षा तेच जास्त. पेन हातात धरून मी तेवढा वेळ थांबायचे, आणि तिसरा वाजला की पुढचा प्रश्न वाचायचे.

एकदा आईने टॉवेल धुवायला भिजवला आणि विसरली. दोन हॉर्न वाजले... तिसरा नाहीच. आम्ही दोघी एकमेकींकडे बघतोय तोवर जिन्यात धाडधाड पावलं! नानांनी अख्खी गाडी खाली कडेला लावली होती आणि खाकी कपड्यांत घामाघूम होऊन दारात उभे. "काय झायं? गुड्डी कोठे शे?" गुड्डी म्हणजे मी, समोरच बसलेली. आई बादलीत हात घालून नुसती हसत सुटली. नाना म्हणाले, "हासू नको! तुन्ही मायनी टॉवेल धोवाले टाका अन् आठे मन्हा जीव टांगनीले लागना!" खाली प्रवासी खिडक्यांतून डोकी काढून वर बघत होते, सुभाषमामा ओरडत होते, "नाना, चला, मानसं माले खाई जातीन!" नानांनी उभ्या उभ्या तांब्याभर पाणी प्यायलं, माझ्या डोक्यावर टपली मारली आणि गेले. त्यानंतर आईने टॉवेल कधीच चुकवला नाही. आणि नानांनी रिकाम्या कठड्याला तिसरा हॉर्न कधीच दिला नाही. म्हणजे ते त्यांना जमलंच नसतं.

बारावीच्या वर्षी माझ्या टेस्टचे मार्क घसरायला लागले. आईने माझा फोन घेऊन कपाटात ठेवला, मार्क तरी घसरतच होते. एका रविवारी नाना सुट्टीवर आले होते, तेव्हा मी रडायला लागले, म्हटलं नाना मला नाही जमणार. आई घाबरली. नाना शेव खात बसले होते. म्हणाले, "नही जमनं तं नही जमनं. डेपोमा आते लेडीज ड्रायव्हर बी लेतस. तुले मन्हा गाडीवर बठाडी देसू, मी मांगे झोपसू." मी रडता रडता हसले. मग ते उठले, म्हणाले चल, तुझं सेंटर बघून येऊ. हॉलतिकीट आलं होतं. आम्ही रिक्षाने गेलो, शाळा बंद होती, नानांनी गेट बघितलं, दुसरं गेट बघितलं, वॉचमनशी गप्पा मारल्या, पंखे चालतात का विचारलं! समोर एक मोठं कडुलिंबाचं झाड होतं. त्याच्या सावलीत जाऊन उभे राहिले, उभं राहून जमतंय का ते बघितलं आणि म्हणाले, "पेपरना दिन मी आठेच उभा राहसू. भायेर निंघनी का डायरेक्ट आठे ये." ती आमची शेवटची भेट.

त्यानंतरच्या आठवड्यात एक दिवस सकाळी आईला फोन आला. ती गॅलरीत गेली, बराच वेळ आत आलीच नाही. आली तेव्हा म्हणाली, "आजीला बरं नाहीये, मी साक्रीला जाऊन येते. तू अभ्यास कर." आजी आणि काका साक्रीजवळच्या आमच्या गावी असतात, त्यामुळे मला काही वेगळं वाटलं नाही. आईने पिशवीत काहीच भरलं नाही, हे मला नंतर आठवलं. थोड्या वेळाने खालच्या घरमालकीणकाकू माझ्यासाठी उपमा घेऊन आल्या. या काकू एरवी पाण्याची मोटर चालू राहिली म्हणून अख्खी बिल्डिंग डोक्यावर घेतात. त्या दिवशी माझ्याकडून मोटर चालू राहिली, टाकी वाहायला लागली, आणि काकू काही म्हणजे काही बोलल्या नाहीत.

चार वाजले. दोन हॉर्न झाले तेव्हा माझ्या लक्षात आलं की आई नाही, टॉवेल आत दोरीवरच आहे. मी उठतेय तोवरच... तिसरा हॉर्न वाजला. लांब. मध्ये न थांबता. मी टॉवेल ओढून गॅलरीच्या दारात पोचले, समोर कठडा रिकामा, आणि गाडी निघून गेली.

आधी वाटलं, नाना सुट्टीवर असतील, आजीकडे गेले असतील, दुसरा ड्रायव्हर असेल. पण मग दुसऱ्या ड्रायव्हरने हॉर्न का दिला? नाना नुसते सुट्टीवर असते तर कुणीच दिला नसता. याआधी ते सुट्टीवर असायचे तेव्हा गाडी गपचूप जायची. म्हणजे याला कुणीतरी सांगितलं होतं, दोन छोटे दे, मग एक लांब दे. टॉवेलचं सांगायचं राहिलं. आणि मला हॉर्न ऐकवायची एवढी गरज कधी पडेल? नाना नाहीत हे मला कळू नये, तेव्हाच ना... एखादं गणित सुटावं तसं ते सुटत गेलं आणि मला थांबवता येईना. काका नंतर म्हणाले की चारला गावात सगळं आटोपत आलं होतं. म्हणजे तिकडे तसं, आणि इकडे मी. गाडी गेल्यावर मी टॉवेल कठड्यावर टाकला. का टाकला माहीत नाही. आत येऊन पुढचा प्रश्न वाचला. तो मी किती वेळ वाचत होते तेही माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आई परत आली. एरवी ती बारीकशी टिकली लावायची. त्या दिवशी तिने कुंकू लावलं होतं, मोठं, ठसठशीत. हातात हिरव्या बांगड्या, गळ्यात मंगळसूत्र. मी म्हटलं, "आजी कशी आहे?" म्हणाली, "बरी आहे आता. झोपली होती, मी निघाले तेव्हा." मग तिने माझ्याकडे पाठ करून भाकरी थापायला घेतल्या, आणि बांगड्या वाजत होत्या. काकांनी पुढे मला सांगितलं की गावातल्या बायकांनी आईला किती अडवलं. घरात सुतक, दहावा व्हायचाय, आणि ही कुंकू लावून चालली कुठे? आईने तोंड धुतलं, आरशात बघून कुंकू लावलं आणि एवढंच म्हणाली, "मन्ही पोरनी परीक्षा शे." अजूनही काही लोक तिला बोलतात, पोरीला बापाचं तोंडसुद्धा बघू दिलं नाही म्हणून. म्हणून तर हे मी लिहितेय.

कारण मला माहीत होतं ना! मी बोलले असते तर आईने मला त्याच पावली गावाला नेलं असतं. पण मी बोलले असते तर त्या खोलीत नाना गेले असते. तोवर तिथे ते गेले नव्हते. चारला हॉर्न वाजत होता, कठड्यावर टॉवेल होता, आईच्या कपाळावर कुंकू होतं. मी मुद्दाम म्हणायचे, "आला बघ नानांचा हॉर्न," आणि आई म्हणायची, "हो, आला." शेगडीकडे बघत. तीन हॉर्न एका दमात वाजायचे, मध्ये कुणी थांबायचं नाही, आणि आम्ही दोघी त्या न थांबण्याकडे लक्षच द्यायचो नाही. संध्याकाळी दोन भाकरी जास्तीच्या व्हायच्या, नाना अधूनमधून यायचे म्हणून आई कायम करायची तशा. सकाळी त्या भाकरी काकूंच्या गायीला जायच्या.

पेपरच्या दिवशी गेटवर सगळ्यांचे आईबाप. कुणी छत्री धरलेली, कुणी शेवटपर्यंत फॉर्म्युले विचारतंय. आत दागिना चालत नाही म्हणून मी नाकातली चमकी काढून आईच्या हातात दिली, तिने मूठ घट्ट मिटली. लिंबाच्या झाडाकडे मी बघणार नव्हते, पण बघितलं. तिथे सुभाषमामा उभे होते. साध्या शर्टात, खाकीशिवाय मी त्यांना कधी बघितलंच नव्हतं. ते सगळीकडे बघत होते, फक्त माझ्याकडे नाही.

सगळे म्हणतात, पोरीने बापासाठी पेपर दिला. तसं नव्हतं. पेपर संपला की मला सांगणार होते, म्हणजे पेपर संपला की नाना जाणार होते. मला तो संपायलाच नको होता. सोडवून झालेले प्रश्न मी पुन्हा सोडवले. बाईंनी माझ्या हातातून कागद ओढून घेतला तेव्हा वर्ग रिकामा झाला होता.

बाहेर आल्यावर मी डायरेक्ट झाडाखाली गेले. आई सुभाषमामांजवळच उभी होती. म्हणाली, "कसा गेला?" मी म्हटलं, "चांगला." तिने एक मोठा श्वास घेतला आणि पदर कपाळाकडे नेला, कुंकू पुसायला. मी तिचा हात धरला. "राहू दे. मला माहितीये." तिने विचारलं, "कधीपासून?" "तू साक्रीला गेलीस त्या दिवसापासून." तिने माझ्या दंडावर फटका मारला, जोरात, सगळ्या पालकांसमोर. "आणि तरी रोज मला सांगायचीस, हॉर्न आला म्हणून?" मी म्हटलं, "तू पण तर रोज टॉवेल टाकायचीस." मग तिने मला धरलं, आणि सुभाषमामा, एवढा मोठा माणूस, झाडाच्या बुंध्याला डोकं टेकवून रडायला लागला.

मागच्या आठवड्यात आम्ही जळगावची खोली सोडली. निकाल लागेल तेव्हा लागेल. सामान टेम्पोने पुढे गेलं, आणि आम्ही दोघी चारच्या गाडीने धुळ्याला निघालो, त्याच गाडीने. सुभाषमामांनी आम्हाला ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसवलं. हायवेला लागल्यावर मी पहिल्यांदाच आमची खोली खालून, गाडीतून बघायला बसले. आणि काय सांगू... ती दिसतच नाही! आधी जाहिरातीचा मोठा बोर्ड, मग विजेचा खांब, या दोघांच्या मधल्या फटीत पापणी लवेपर्यंत कठडा दिसतो आणि जातो. नाना तेवढ्यासाठी थांबायचे. रोज बोर्ड सरायची वाट बघायचे.

ड्रायव्हरने दोन छोटे हॉर्न दिले. सवयीने असेल. मग त्याला आम्ही मागे बसलोय ते आठवलं, आणि तो ओशाळून आरशात बघत म्हणाला, "चुकी गया, वहिनी." बोर्ड सरला. कठड्यावर पिवळा टॉवेल होता. मला वाटलं, राहिला. आईकडे बघितलं तर कळलं की राहिला नव्हता, तिने मुद्दाम ठेवला होता.

आई पुढे वाकून ड्रायव्हरला म्हणाली, "टॉवेल दिसला ना? मग दे."

त्याने दिला. लांब, खांब दिसेनासा होईपर्यंत. खोली तर आम्ही रिकामी केली होती, कुलूप मी स्वतः लावलं होतं. पण आम्ही दोघी नानांच्या गाडीत होतो, आणि तो हॉर्न ऐकून वर खोलीत पेन हातात धरून बसलेल्या कुणीतरी मान वर केली, असं मला त्या दिवसापासून वाटत राहिलंय.