भटक्याचा आवाज

माइकसमोर उभे राहिले की वीरकाका काचेपलीकडून मला आधी एकच गोष्ट विचारायचे. "जय भीम, लेखिकाबाई. आज मी जिवंत आहे का?"

प्रश्न रास्त होता. उल्हासनगरच्या एका लहानशा स्टुडिओत आम्ही एका परदेशी कार्टून मालिकेला मराठी आवाज देत होतो. एक भटका योद्धा आणि त्याचा बोलका बोकड गावोगाव फिरतात, वाटेत लढतात, मार खातात आणि हसवतात, एवढीच गोष्ट. संवाद मराठीत मी लिहायचे, योद्ध्याचा आवाज वीरकाकांचा. पण भाग आमच्याकडे क्रमाने कधी आलेच नाहीत. एकदा योद्धा कड्यावरून पडून मेला. पुढच्या आठवड्यात तो जत्रेत जिलबी खात होता आणि त्याच्या पुढच्या आठवड्यात चक्क शाळकरी पोरगा होता. चॅनेलच्या मॅडमना फोन केला की त्या म्हणायच्या, "तुम्ही आवाज भरा, क्रम आम्ही लावू." त्यामुळे गोष्ट नक्की काय आहे हे कुणालाच ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं, आणि लिहीत तर मीच होते.

वीरकाका हे नाव स्टुडिओत पडलेलं. अंबरनाथच्या कारखान्यात त्यांनी उभी हयात पाळ्या केल्या होत्या. यंत्रांच्या खडखडाटावर आवाज चढवून बोलायची सवय तिथली. निवृत्त झाल्यावर जयंतीच्या कार्यक्रमात निवेदन करायचे. तिथून जाताना आमच्या सेठनी तो आवाज ऐकला आणि गाडी थांबवली. सेठ सिंधी. खाली त्यांचं फर्निचरचं दुकान, वर स्टुडिओ. भिंतींना सोफ्यांचा उरलेला फोम लावलेला. बोकडाच्या आवाजाला कुणी मिळेना म्हणून तो सेठच काढायचे. "वीरजी, मैं भूखा मरतो आहे" असं त्यांचं मराठी मी दुरुस्त करायला गेले, तर वीरकाका म्हणाले, "राहू दे गं. बोकड आहे तो. त्याचं व्याकरण कोण बघतंय?"

मारामारीचा भाग असला की काका चपला बाहेर काढून आत जायचे. योद्ध्याने उडी मारली की हेही उडी मारायचे. रेकॉर्डिस्ट ओरडायचा, "काका, हिलू नका, माइक हिलतोय!" काका खजील होऊन म्हणायचे, "अरे, तो तिकडे एकटाच मार खातोय, आणि मी काय नुसता उभा राहू?" एकदा त्यांनी हवेत असा काही गुद्दा मारला की भिंतीवरचा फोमचा तुकडा सुटून खाली आला. टेक मात्र पहिल्या फटक्यात झाला.

त्यांचं आणि माझं खरं भांडण व्हायचं ते एकाच गोष्टीवरून. योद्धा घरी का जात नाही?

"भटका आहे काका तो. फिरणं हेच त्याचं काम."

"ते झालं गं. पण निघाला असेल ना कुठून तरी? आई असेल. घरातून निघताना कुणी विचारलं असेल, कधी येशील म्हणून."

"असेल. त्या भागाची फाइल अजून आली नाही."

"मग फाइल येईपर्यंत मी कोणत्या मनाने बोलू?"

मी काहीतरी ठोकून द्यायचे. एकदा म्हटलं, त्याचं गाव पुरात वाहून गेलं. पुढे कधीतरी म्हटलं, भावाशी भांडून निघालाय. काका दोन्ही कारणं मनापासून मान्य करायचे आणि त्यांच्या आवाजात तेवढा फरक पडायचा. पुराचा योद्धा जरा हळू बोलायचा, भांडणाचा तुटक.

मग एका दुपारी, चांगला चाललेला प्रसंग मध्येच थांबवून त्यांनी विचारलं, "हा बोकड कोण?"

सेठ शेजारच्याच माइकवर होते. ते खो खो हसले. "साईं, मैं! बोकड मैं!" आम्ही सगळेच हसलो. काकाही हसले, पण थोडे उशिरा. आता आठवताना वाटतं, आमच्याकडे बघून हसले. पण हे मला तेव्हा दिसलं होतं की मागाहून सुचलं, सांगता येत नाही.

त्यानंतरच्या एका भागात योद्धा धरणाखालच्या गावाची राखण करतो. तो भाग अर्धा झाला होता. रविवारी सकाळी मी भावाच्या स्कूटरवर मागे बसून मैत्रिणीचा नवा फ्लॅट बघायला आमच्या हेंद्रेपाड्याहून सोनिवलीला निघाले होते. रस्त्याच्या कडेने वीरकाका चाललेले दिसले. इस्त्रीचा शर्ट, हातात पिशवी. मी भावाला थांबायला सांगितलं.

"काका, इकडे कुठे?"

"बारवीला. धरणावर. खाली माणसं आहेत, वाट बघतायत."

मला वाटलं, चेष्टा करतायत. मीही म्हटलं, "आणि बोकड कुठे सोडलात?"

त्यांनी मागे वळून पाहिलं. खरोखरच शोधत असल्यासारखं पाहिलं. तेव्हा माझं लक्ष त्यांच्या पायांकडे गेलं. एका पायात चामड्याची चप्पल होती, दुसऱ्यात बायकी स्लीपर.

भावाला परत पाठवलं आणि मी रिक्षा केली. काका मुकाट्याने बसले. रस्ताभर अगदी शहाण्यासारखं बोलत होते, कारखाना कुठे होता, भोंगा कसा ऐकू यायचा. अंबरनाथला घराच्या दारात काकू उभ्याच होत्या. त्यांचा मुलगा शोधायला बाहेर पडला होता. काकूंनी आधी काकांना पाणी दिलं, आत नेऊन निजवलं, मग माझ्याशी बोलल्या.

"वर्ष झालं असेल. डॉक्टर म्हणाले, विसरत जाणार. आधी नावं जायची, आता रस्ते जायला लागलेत."

"पण स्टुडिओत तर..."

"तेच तर." त्यांनी माझा हात धरला. "तिथून आले की दोन दिवस बरे असतात. जेवतात, गाणी म्हणतात. तुम्ही त्यांचं काम काढून घेऊ नका, ताई. तेवढं सेठना सांगा."

मी सांगितलं. सेठनी बोटांवर उरलेले भाग मोजले. नवा माणूस घ्यायचा तर काम लवकर संपलं असतं, चॅनेलची घाई होतीच. शेवटी म्हणाले, "थोडे भाग बाकी है ना? बोकड मैं आहे. मैं साथ में उभा राहील."

आणि ते तसे राहिले. कागदावरच्या ओळी आता काकांना सलग वाचता येत नव्हत्या. मी आत जाऊन त्यांच्या कानाशी एकेक वाक्य म्हणायचे, काका ते उचलायचे. माझं सपक वाक्य त्यांच्या तोंडून योद्ध्याचं होऊन बाहेर पडायचं. मध्येच ते कुठे आहोत ते विसरायचे, तेव्हा सेठ बोकडाच्या आवाजात म्हणायचे, "चला वीरजी, भूक लागली." काका लगेच पडद्याकडे वळायचे.

शेवटच्या दिवशी जो भाग आला तो खरोखर शेवटचा होता की मधलाच, मला माहीत नाही. त्यात गावाच्या वेशीवर एक लहान मुलगी योद्ध्याला विचारते, आता तू कुठे जाणार? मी लिहिलं होतं, "रस्ता नेईल तिकडे." मी ते त्यांच्या कानात सांगितलं. पडद्यावर मुलीने प्रश्न विचारला. काकांनी पडद्याकडे पाहिलंच नाही. माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "तूच सांग ना, पोरी. कुठे जायचं?"

मला ते कधी पोरी म्हणाले नव्हते. रेकॉर्डिस्टने काचेतून माझ्याकडे बघितलं. पडद्यावरच्या योद्ध्याचे ओठ त्या वाक्याशी जुळले होते. सेठनी मानेनेच खूण केली, ठेव.

तो भाग टीव्हीवर लागला तेव्हा आमच्या इमारतीतली मुलं त्या वाक्याला हसली. एवढा मोठा योद्धा, तलवार-बिलवार घेऊन, आणि चिमुरड्या मुलीला रस्ता विचारतो! मी जिन्यात उभी राहून ऐकत होते. ते वाक्य काकांनी त्या मुलीला म्हटलं होतं की मला, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. अभिनय होता म्हणावं तर इतका सुंदर अभिनय त्यांनी कधी केला नव्हता.

वीरकाका गेल्यावर मी काकूंना भेटायला गेले. धीर करून त्यांना ते वाक्य सांगितलं आणि विचारलं, त्या दिवशी काका खरंच विचारत होते का?

"मलाही रोज विचारायचे," काकू म्हणाल्या. "मी सांगायचे, कुठे नाही जायचं आता, आपण घरीच आलोय. मग चपला काढून बसायचे."