चौथ्या खिडकीची चीर

कारखान्यात सगळे तिला काचबाई म्हणत आणि तिला ते मनापासून आवडे. एकविसाव्या वर्षी बसडेपोत खिडक्या धुवायला लागली, तिथून इस्पितळाची दारं, मग संग्रहालयाची कपाटं, असं करत पन्नाशी उलटल्यावर ती ज्या खिडक्यांपर्यंत पोचली त्या थेट आकाशात जाणाऱ्या होत्या. हौशी माणसांना अंतराळाच्या उंबरठ्यापर्यंत नेऊन अकरा मिनिटांत परत आणणारी ती कंपनी. यानात प्रवासी सहा, खिडक्या सहा. कॅप्सूल हा शब्द साहेब लोकांचा. कामगार यानाला सरळ ‘डबा’ म्हणत. एका तिकिटात अख्खी गल्ली विकत घेता आली असती. आणि कशासाठी? तर चार मिनिटं तरंगायला नि खिडकीतून खाली बघायला. “म्हणजे माझी काच बघायलाच की गं,” असं ती धाकट्या बहिणीला सांगे.

तिचा तोरा फुकटचा नव्हता. मऊ फडक्याने एकाच दिशेने काच पुसायची, दिवा तिरका धरायचा आणि डोळ्यांत तेल घालून केसाएवढा ओरखडा शोधायचा, हे तिच्याइतकं कोणालाच जमत नसे. तिच्यामागून एक तरुण तपासनीस त्याच सहा काचा पुन्हा बघे. पहिल्या वर्षी तो प्रत्येक काचेपाशी पंधरा मिनिटं घालवायचा. तिच्या नजरेतून काही सुटत नाही हे कळल्यावर तो नुसता दिवा फिरवून चहाला जाऊ लागला. माझं विचाराल तर दोघांची तपासणी असते तिथे बऱ्याचदा एकाचीच होते.

आणि त्या एकीचे डोळे आठ महिन्यांपूर्वी दगा देऊ लागले. बघावं तिथेच मधोमध धूसर डाग. समोरच्या माणसाकडे पाहिलं तर कान दिसत, नाक गायब. डॉक्टर म्हणाले, डोळ्याचा पडदा झिजलाय, गेलेलं परत येणार नाही.

“ताई, उद्याच्या उद्या साहेबांना सांग,” बहीण म्हणाली.

“सांगते गं. जरा दम धर.”

सांगितलं नाही. कोणत्या तोंडाने सांगणार? काचबाईला काच दिसत नाही म्हटल्यावर तिच्याजवळ उरलं काय? त्याऐवजी तिने एक युक्ती काढली. डब्यापाशी एकटी असताना उजव्या हाताचा मोजा काढायचा आणि नखाने काच चाचपायची. उघडा हात लावायला सक्त मनाई होती, कारण घामाचा डाग पडतो. ती डाग पुसून टाकी. असं करत नऊ उड्डाणं गेली. प्रत्येक वेळी डबा परत जमिनीला टेकेपर्यंत तिचा जीव टांगणीला लागलेला असे आणि टेकल्यावर ती स्वतःला सांगे, बघ, जमतंय की.

दहाव्या उड्डाणाच्या आदल्या दिवशी प्रवासी डबा बघायला आले होते. त्यांत भूगोलाच्या एक निवृत्त बाई होत्या. सोडतीत तिकीट लागलेल्या. चौथ्या खिडकीशी त्यांची जागा.

“चाळीस वर्षं पोरांना सांगितलं पृथ्वी गोल आहे,” त्या काचबाईला म्हणाल्या. “स्वतः पाहिली नाही कधी. काच नीट पुसा हं, मावशी.”

“आरशासारखी करते, बाई. काळजीच करू नका.”

दुसऱ्या दिवशी सकाळी, प्रवासी बसायला दोन तास उरलेले असताना, चौथ्या खिडकीच्या खालच्या कडेला तिचं नख अडकलं.

तिने पुन्हा नख फिरवलं. पुन्हा अडकलं. दिवा तिरका धरून डोळे फाडफाडून बघितलं, तर तिथे नेहमीचा धूसर डाग. मान वाकडी करून बाजूने बघितलं, तरी काही नाही. चीर असेल, नाहीतर सुकलेला एखादा थेंब. थेंब असला तर तिने उगाच बोभाटा केला असं होणार. चीर असली तर आज सहा माणसं ती चीर घेऊन वर जाणार. तिने मोजा चढवला आणि तपासनीसाला हाक मारली.

“चौथीला चीर आहे.”

त्याने दिवा फिरवला, डावीकडून, उजवीकडून. “मावशी, मला तर काही दिसत नाही.”

“आहे.”

“मग दाखवा ना कुठे ते.”

तिने बोट पुढे केलं, मोज्यातलं. ते काचेवर इकडे तिकडे फिरलं आणि थांबलं. जाड रबरातून काही कळेना. एवढ्यात उड्डाणप्रमुख साहेब आत आले, घड्याळ बघतच.

“काय भानगड आहे? प्रवासी कपडे चढवतायत तिकडे.”

“मावशी म्हणतात चीर आहे. पण त्यांनाही सापडत नाहीये.”

अजूनही ‘भास झाला असेल’ म्हणून सुटता आलं असतं. शब्द अगदी ओठांवर आले होते. काचबाईने मोजा काढला, दोघांच्या देखत उघडं बोट काचेवर ठेवलं, कडेपर्यंत नेलं आणि नख अडकलं तिथे दाबून धरलं.

“इथे. बघा.”

तपासनीसाने भिंग लावलं. दिवा आणखी जवळ ओढला. मग म्हणाला, “साहेब, आहे. खोल आहे.”

उड्डाण रद्द झालं. प्रवाशांना वाऱ्याचं कारण सांगितलं गेलं, बाहेर पान हलत नसताना. साहेबांनी काचबाईला खोलीत बोलावून दार लावलं.

“उघड्या हाताने कधीपासून?”

“आठ महिने झाले. डोळे गेलेत साहेब. समोरचं दिसत नाही.”

तिला वाटलं आता आरडाओरडा होणार. साहेब खुर्चीत बसले, कपाळ चोळत राहिले आणि एकदम मऊ आवाजात बोलू लागले. “हे बघा मावशी, डोळ्यांचं आपल्या दोघांतच राहू द्या. जे भिंगाशिवाय दिसत नव्हतं ते तुमच्या बोटाला सापडलं. दुसरा डबा तयार आहे. आज दुपारी त्याच्या सहा काचांवरून हात फिरवा, उद्या सकाळी उडवू. मोज्याचं मी बघतो. तुमची नोकरी कुठे जात नाही.”

इतकी वर्षं कोणत्याही साहेबाने तिचं असं कौतुक केलं नव्हतं. नोकरी शाबूत, नाव शाबूत, बहिणीलाही सांगायला नको. तिला खरंच हो म्हणावंसं वाटलं. इतकं वाटलं की तिने टेबलाची कड घट्ट धरली.

“साहेब, बोटाला वरची चीर कळते,” ती म्हणाली. “काच तीन थरांची आहे. आतल्या थरात काय आहे ते डोळ्यांनीच बघावं लागतं. मी आठ महिने बघितलेलं नाही, आणि माझ्यामागून तो पोरगाही बघत नव्हता. नऊ वेळा माणसं गेली आणि परत आली, ती आमच्यामुळे नाही.”

साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं.

“त्या भूगोलाच्या बाई बाहेर बसल्यात अजून. त्यांना वारा सांगितलात ना? आता खरं सांगा. नाहीतर मी जाऊन सांगते.”