बाबांच्या पोटाचं माप

आमच्या निर्मळ गावाकडे तब्येत म्हणजे वजन. बाई जाड झाली की तिची तब्येत सुधारली म्हणायचं, आणि नवरा बारीक राहिला की दोष बायकोचा. माझे बाबा शाळामास्तर, हातपाय अगदी काड्या. त्यामुळे आई चारचौघांत उगाच ओशाळायची आणि घरी त्यांच्या ताटात तुपाचा नि डुकराच्या मटणाचा मारा करायची. वर्गात पोरांना दरडावणारा हा माणूस आईच्या पळीपुढे गरीब गाय होता.

ऐंशी सालानंतर कधीतरी चर्चच्या हॉलमध्ये हृदयतपासणीचं शिबिर भरलं. परदेशात शिकून आलेले एक डॉक्टर चिमट्याने दंडाची चरबी मोजणार आणि टेपने पोट, असं कळलं. आईला ती तब्येतीची स्पर्धाच वाटली. तिने बाबांना सदऱ्याखाली दोन बनियन चढवले. उकाड्यात बाबा घामाघूम.

दंडाला चिमटा लावला तर त्यात काही येईना. आईचा चेहरा पडला. मग टेप पोटाभोवती फिरली, डॉक्टरांनी आकडा सांगितला आणि आई खुलली.

"बगा, घरचं खातात!" तिने रांगेतल्या बायकांना ऐकवलं.

डॉक्टरांनी सदरा काढायला लावला. एकाखाली दुसरा बनियन निघाला तसा हॉल खो खो हसला. मीही हसले. पण बनियन उतरवूनही पोटाचं माप मोठंच भरलं, आणि रक्तदाबही वाढलेला निघाला.

"मास्तर, गोऱ्या लोकांच्या तक्त्याप्रमाणे तुमचं वजन योग्य आहे," डॉक्टर म्हणाले. "पण आपल्या लोकांत हातपाय बारीक राहतात आणि चरबी पोटात साठते. तेवढ्याच वजनाच्या गोऱ्यापेक्षा आपल्या हृदयाला धोका जास्त. जेवण आवरा."

आई बाकावर बसली. "मंग मी इतकी वर्सं ह्यांना काय भरवत व्हते?" तिने हळूच विचारलं. मला त्या डॉक्टरांचा भयंकर राग आला.

बाबांची मात्र सुटका झाली. रोज संध्याकाळी ते शीळ घालत फिरायला निघायचे. आईला जड गेलं. वाढण्यात तिचा हात तयार होता, न वाढणं तिला शिकावं लागलं.

त्या वर्षी सणाला आम्ही आत्याकडे जेवायला गेलो. आत्या भावाच्या ताटात मटण ओतणार, तोच आईने ताटावर आपला पंजा धरला. पंगतीतले सगळे बघत राहिले. आत्याचा चेहरा उतरला.

"भावाला पोटभर जेवू पन देत नाय?" तिने विचारलं.

"नाय देत," आई म्हणाली. "मना ह्यांचं म्हातारपन बगायचं हाय."