एका टांग्यात मावतील एवढे नौबते

जगात आडनावं लाखो असतील, पण स्वतःच्या आडनावासाठी जगलेला माणूस मी एकच पाहिला, तो म्हणजे माझ्या मावशीचे यजमान. आम्ही त्यांना नुसतं काका म्हणत असू आणि ते त्यांना फारसं पसंत नव्हतं. काका काय, कुणीही कुणाचा असतो. त्यांचं आडनाव नौबते. ते उच्चारताना त्यांची मान अंमळ ताठ होई, आणि समोरच्यानं "काय म्हणालात?" असं विचारलं की ते मनापासून खूश होत, कारण मग अर्थ सांगायची सोय होई. पूर्वी शहराच्या दरवाजावरच्या नौबतखान्यात पहाटे आणि सांजेला नगारे झडत. ते वाजवण्याचा मान ज्या घराण्याचा, ते नौबते. आता औरंगाबादेत दरवाजांना काय तोटा! त्यामुळे काकांचे पूर्वज कधी या दरवाजावर वाजवत, कधी त्या. ऐकणारा ज्या मोहल्ल्यात राहत असेल त्याच्या जवळचा दरवाजा काका उदारपणे निवडत. आमचा नगारा झडल्याशिवाय या शहरात सूर्य उगवत नसे, असं ते सांगत, आणि सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर थट्टेचा लवलेश नसे.

हे आडनाव इतकं विरळ का, याचं कारणही त्यांच्याकडे तयार असे. पोलीस ॲक्शन झाली, निजाम गेला, आणि जुन्या राजवटीचा वास येणारी आडनावं काहींना नकोशी झाली. काकांच्या दोन्ही चुलत्यांनी नौबते टाकून सरळ पाटील लावलं. शेत तेच, घर तेच, दारावरची पाटी तेवढी नवी. "आडनाव काय सदरा हाय का, राज बदललं की बदलायला?" असं म्हणून काकांनी त्यांच्याशी बोलणं टाकलं ते टाकलंच. राहता राहिले काका, मावशी आणि त्यांची एकुलती एक मुलगी सुमन. जगातले सगळे नौबते एका टांग्यात मावतील, असं काका अभिमानानं सांगत. मावशीचं म्हणणं असं की हे मला बघायला आलेच नव्हते, नौबत्यांत एक माणूस वाढवायला आले होते. पण गमतीखाली एक दुखणं होतं. सुमन आज ना उद्या लग्न होऊन जाणार, दुसरं आडनाव लावणार, आणि काकांच्या मागे नौबते म्हणून कुणीच उरणार नाही. हे ते बोलून दाखवत नसत, पण सुमनसाठी स्थळ आलं की दोन दिवस त्यांना जेवण जात नसे.

म्हणून त्यांनी शोध चालवला होता. दुकानांच्या पाट्या वाचत ते सायकल चालवत, आणि क्रांती चौकात एकदा पाटी वाचता वाचता पेरूंच्या हातगाडीवर जाऊन आदळले. गाडीवाला शिव्या देत असताना त्यांनी त्याचं आडनाव विचारून घेतलं. लग्नाच्या पंगतीत शेजाऱ्याचं आडनाव कळल्याशिवाय ते घास उचलत नसत, आणि ते नौबते नाही म्हटल्यावर असा चेहरा करत की त्या बिचाऱ्याला जिलबी गोड लागत नसे. एसटीत तिकीट घेताना कंडक्टरचीही चौकशी होई. त्यांच्याबरोबर बाहेर जायचं म्हणजे माझ्या अंगावर काटा येई.

आणि एके दिवशी नौबते सापडला. सायकल दुरुस्तीच्या दुकानात कुणीतरी एका तरुणाला "ए नौबते" अशी हाक मारली आणि काकांनी त्याचं मनगटच धरलं. पोराला वाटलं, साध्या वेशातला पोलीस आहे. त्याचं नाव दत्ता, गाव पिशोर, शहरात एका कारखान्यात कामाला. काकांनी त्याला तसाच घरी आणला, मावशीकडून ओवाळून घेतलं आणि पुतण्या सापडला म्हणून गल्लीभर पेढे वाटले. पुढच्या रविवारी मला घेऊन ते पिशोरला गेले. दत्ताचे वडील आल्याची शेती करणारे शांत गृहस्थ. काका पोचल्यापासून परतीची बस येईपर्यंत बोलत होते. त्या गृहस्थांनी अधूनमधून तोंड उघडलं की काका हात वर करून म्हणत, थांबा, मी मुद्द्यावरच येतोय. परत आल्यावर त्यांनी ज्याला त्याला सांगितलं, नौबते सगळे एका मुळाचे, एका रक्ताचे.

दत्ता दर रविवारी जेवायला येऊ लागला. राखीपौर्णिमेला काकांनी हौसेनं राखी आणली, तर सुमन सकाळीच मैत्रिणीकडे निघून गेली ती अंधार पडल्यावर उगवली. मावशीला तेव्हाच काय ते कळलं. काकांना कळायला दिवाळी उजाडली, तेही सुमननं तोंडावर सांगितलं म्हणून. ती म्हणाली, "बाबा, तो माझा भाऊ नाही. मला त्याच्याशी लग्न करायचंय."

आमच्यात एका आडनावाची माणसं म्हणजे भाऊबंद, आणि भाऊबंदांत लग्न ही गोष्ट कुणी मनातही आणत नाही. त्यातून हे भाऊबंद असल्याचं काकांनीच गावभर सांगून ठेवलेलं. नातेवाइकांकडे विषय काढला तर ते काकांचीच वाक्यं काकांना ऐकवत. सुमन रडली नाही, भांडली नाही. नुसती गप्प झाली. काकांना ते सोसेना. एकदा बँकेत कुणाशी तरी ओळख करून देताना ते आडनाव सांगायचं विसरले, तेव्हा मला त्यांची खरी काळजी वाटली. दुसऱ्या दिवशी ते माझ्याकडे आले आणि म्हणाले, पिशोरला चल. कशाला, तर आम्ही भाऊबंद नाही हे सिद्ध करायला.

या खेपेला काका खाटेवर बसले आणि एक शब्द बोलले नाहीत. दत्ताच्या वडिलांनी थोडी वाट पाहिली, मग खाकरून सुरुवात केली.

"तुमी पहिल्यांदा आला तव्हाच सांगणार व्हतो. पण तुमी बोलू देईना. आमी मूळचे नौबते नाय, पाव्हणं. नगाऱ्याचं काम तुमच्या लोकांचं. पण तुमच्यात एक म्हातारा निघाला, त्याला झोप लई. एक डाव पहाटं नगाराच वाजला नाय अन् दरवाजा उघडायचा ऱ्हाऊन गेला. मंग त्याला काढलं अन् आमच्या पणज्याला ठिवलं. काम आलं, त्याच्यासंगं नाव बी आलं."

मी काकांकडे पाहिलं. ज्यांच्या नगाऱ्याशिवाय सूर्य उगवत नव्हता, ते नगारेवाले घोरत पडले होते. काकांनी हळूच विचारलं, "नक्की झोपला व्हता?"

"आमच्या घरात तरी असंच सांगत्यात."

"झोपला असणार," काका म्हणाले. "आमच्यात झोप लई. मला तर सकाळी हलवून उठवावं लागतं. याच्या मावशीला इचारा." खरं म्हणजे काका पहाटे उठून साऱ्या गल्लीला जागं करणारे, पण मी मान डोलावली.

मग देवक निघालं, म्हणजे लग्नाच्या मांडवात ज्याची पूजा होते ते कुळाचं झाड. देवक एक असलं की सोयरीक होत नाही. त्यांचं निघालं कळंब, काकांचं पंचपल्लव, म्हणजे पाच झाडांची पानं. काकांनी दोन्ही हातांनी त्या गृहस्थांचे हात धरले आणि त्यांच्या डोळ्यांना धार लागली. परतीच्या बसमध्ये त्यांनी शेजारच्या अनोळखी माणसाला आपल्या झोपाळू पूर्वजाची गोष्ट मोठ्या प्रेमानं सांगितली.

लग्नात कुणाला शंका राहू नये म्हणून ती गोष्ट त्यांनी सगळ्या मांडवाला ऐकवली. पाटील झालेल्या चुलत्यांना मुद्दाम आमंत्रण होतं. ते पोट धरून हसले, काकांनी त्यांना हसू दिलं आणि वाढायला लावलं. पाठवणीच्या वेळी बायका सुमनला म्हणत होत्या, नशीबवान आहेस, तुझं काहीच बदललं नाही. आडनाव तेच, आणि सासरच्यांनी नावही बदललं नव्हतं.

काका जरा बाजूला उभे राहून ते ऐकत होते. त्यांनी ओठांतल्या ओठांत लेकीचं पूर्ण नाव म्हणून पाहिलं. सुमन दत्तात्रय नौबते. मग माझ्याकडे वळून हसले.

"नाव राहिलं, आडनाव राहिलं," ते म्हणाले. "मधला मी तेवढा निघालो."

मी त्यांचा हात धरला. गाडी दिसेनाशी होईपर्यंत आम्ही दोघं तसेच उभे होतो.