नोटिशीचा अर्थ सांगणारे शेषरावकाका

शेषराव दांडगे यांची आणि माझी ओळख वादावादीने झाली. चिकलठाण्याच्या कारखान्यात मी नुकतीच कार्मिक अधिकारी म्हणून रुजू झाले होते. व्यवस्थापनाची पदवी नवी होती आणि इंग्रजी शब्दांचा तोराही. ग्रॉस, नेट, इन्सेंटिव्ह अशा शब्दांनी भरलेली माझी पहिलीच नोटीस टाइम ऑफिसमधले (हजेरी आणि पगाराचे तास लिहिणाऱ्या कचेरीतले) हे गृहस्थ फलकावरून काढून माझ्या टेबलावर घेऊन आले. “मॅडम, ह्ये घरी जाऊन बायकोला काय सांगायचं मान्सानं?” त्यांनी शांतपणे विचारले. मला राग आला. पण अर्थ नीट कळेपर्यंत ते हलले नाहीत. मग जेवणाच्या सुट्टीत कँटीनमध्ये त्यांनी सगळ्यांना सांगितले, की ग्रॉस म्हणजे रानात उभं असलेलं पीक आणि नेट म्हणजे त्यातलं घरात आलेलं. त्या महिन्यात पगाराच्या चिठ्ठीबद्दल माझ्याकडे एकही तक्रार आली नाही.

काकांचे वडील करमाडला लोकांचे उर्दू कागद वाचून देत. पोलीस ॲक्शननंतर निजामाचे राज्य गेले, दफ्तराची भाषा बदलली आणि गावातला हा जाणता माणूस रातोरात अडाणी ठरला. हे काकांच्या जन्माआधीचे. पण घरात ऐकून ऐकून त्यांच्या मनात ते पक्के बसले होते. कागदासमोर कुणी लाचार झालेले त्यांना पाहवत नसे. त्यांची पद्धत ठरलेली होती. आधी नोटीस लिहिणाऱ्या अधिकाऱ्याकडून अर्थ पक्का करायचा, मग कँटीनमधल्या खिडकीजवळच्या टेबलावर बसून तो सांगायचा. मात्र सांगताना अधिकाऱ्याचे नाव कधी घ्यायचे नाही. “मी सांगतो,” एवढेच ते म्हणत, आणि लोकांना ते पुरत असे.

कुणी लग्नाचे पेढे घेऊन आला, की काका पेढा हातात धरून आधी विचारत, “फॉर्म बदलला का?” लग्नाआधी भावाचे किंवा वडिलांचे नाव नॉमिनी म्हणून लावलेले असे, ते बदलायचे राहून जाई. शहागंजचा एक फिटर अपघातात गेला, तेव्हा त्याच्या पत्नीला एका फेरीतच फंड मिळाला, तो या आग्रहामुळे. मी माझी लग्नपत्रिका द्यायला गेले, तर काकांनी माझ्याहीपुढे तो फॉर्म सरकवला. इतरांचे फॉर्म तपासणाऱ्या मला स्वतःचा आठवलाच नव्हता. मी हसत सही केली.

अशा माणसाला मी फसवले. काकांच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या गौरव अंकाच्या संपादकांनी मला त्यांच्या कामाविषयी लिहायला सांगितले आहे; पण ही गोष्ट वगळून मला लिहिता येणार नाही.

एका वर्षी कास्टिंग खात्याची ‘पुनर्रचना’ जाहीर झाली. महिनाभरात स्वेच्छेने नोकरी सोडणाऱ्यांना चांगली रक्कम मिळणार होती. काका नेहमीप्रमाणे माझ्याकडे आले. खाते बंदच होणार आहे, हे मला ठाऊक होते. वरिष्ठांनी तोंड बंद ठेवायला बजावले होते, आणि माझी बढती त्यांच्याच हातात होती. मी म्हणाले, “काका, खाते फक्त दुसऱ्या शेडमध्ये जाणार आहे. नोकरीला धोका नाही.” काकांनी माझ्याकडे क्षणभर पाहिले आणि ते कँटीनमध्ये गेले. त्यांच्या शब्दावर बहुतेकांनी अर्ज केलाच नाही. आठ महिन्यांनी खात्याला कुलूप लागले. कायद्याने द्यावीच लागते तेवढी भरपाई देऊन सगळ्यांना घरी पाठवले. मला बढती मिळाली.

लोकांनी काकांना गेटवर गाठून जाब विचारला. काका म्हणाले, “माझं चुकलं.” मी दहा पावलांवर उभी होते. त्यांनी माझ्याकडे बघितलेसुद्धा नाही. त्यानंतर त्यांच्या टेबलावर कुणी बसेना. निवृत्तीपर्यंतची चार वर्षे त्यांनी डबा एकट्याने खाल्ला. रोज समोर दिसत असूनही मी एकदाही जाऊन त्यांच्याशेजारी बसले नाही. याची मला लाज वाटते, आणि ती वयाबरोबर कमी होत नाही.

हा लेख लिहिण्याआधी मी करमाडला त्यांच्या घरी जाऊन आले. सगळे सांगून टाकले, माफी मागितली. काकूंनी चहा आणून ठेवला होता, त्यावर साय धरली. काका म्हणाले, “मला काय सांगता, मॅडम? मला तर गेटवरच कळलं होतं. ज्यांची भाकर गेली त्यांना सांगा.”

कास्टिंगमधली बरीच मंडळी काकांच्या पंचाहत्तरीच्या समारंभाला येणार आहेत, असे कळते. त्यांच्यासाठी हे लिहिते. शेषरावकाकांनी तुम्हाला खोटे सांगितले नाही. मी त्यांना जे सांगितले, तेच त्यांनी विश्वासाने तुमच्यापर्यंत पोहोचवले. खोटे माझे होते.

पंचाहत्तरी गाठलेल्या काकांना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो. आणि समारंभानंतरच्या जेवणात त्यांच्या शेजारची खुर्ची तुमच्यापैकी कुणीतरी घ्या. माझा तो हक्क नाही.